यूपीआयला शुल्क लागले तर? शेतमालाच्या पैशात खरी कपात कुठे होते

गेल्या वर्षभरात गावोगावी एकच प्रश्न विचारला जातो आहे: फोनवरून पैसे पाठवायला आता पैसे पडणार का? प्रश्न उगाच उठलेला नाही. २०२५ च्या जूनमध्ये मोठ्या यूपीआय व्यवहारांवर शुल्क येणार अशी बातमी फिरली. अर्थ मंत्रालयाने ११ जूनला ती नाकारली. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी, या यंत्रणेचा खर्च कोणीतरी सोसलाच पाहिजे, अशा अर्थाचे विधान केले आणि चर्चा पुन्हा सुरू झाली. १५ ऑगस्ट २०२५ पासून स्टेट बँकेने २५ हजार रुपयांवरील ऑनलाइन आयएमपीएसवर थोडे शुल्क लावले. त्यातच काही कृषी सेवा केंद्रांत ‘कार्डाने दिल्यास दोन टक्के जादा’ अशा पाट्या दिसू लागल्या. या सगळ्याचा परिणाम असा की, ‘ऑनलाइन नको, रोखच द्या’ असे म्हणणारे शेतकरी पुन्हा वाढले आहेत.

रोख मागण्यामागे काही रास्त कारणे आहेत. ती पुढे येतीलच. पण शुल्काच्या भीतीने रोख मागणे हा हिशोब बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. बँकेने पैसे पाठवण्याचे शुल्क पाच-पंचवीस रुपयांचे असते. त्याच मालाच्या पैशात वटाव, उशीर आणि न वटलेला धनादेश यांपायी जाते ती रक्कम शेकड्यांत, कधी हजारांत असते. आपले लक्ष मात्र पाच रुपयांवर असते, कारण ते पासबुकात छापून येतात.

यूपीआय फुकट का आहे?

कार्डाने किंवा क्यूआर कोडने पैसे घेतले की दुकानदाराच्या रकमेतून बँका व पेमेंट कंपन्या काही टक्के कापतात. याला एमडीआर म्हणतात. १ जानेवारी २०२० पासून केंद्र सरकारने यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर शून्य केला. खर्च काही शून्य झाला नाही. सर्व्हर, मनुष्यबळ, तक्रार निवारण, फसवणूक रोखण्याची यंत्रणा यांचा भार बँकांवर राहिला आणि त्यातला काही भाग सरकार प्रोत्साहन अनुदानातून देते. २०२४-२५ साठी ही तरतूद सुमारे १,५०० कोटी रुपयांची होती. त्यात लहान दुकानदारांकडच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के प्रोत्साहन ठरले. आदल्या वर्षी हाच आकडा ३,६०० कोटींच्या वर होता. अनुदान आटले की बँका दुसरीकडे हात घालणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पेमेंट कंपन्यांच्या संघटनेने मोठ्या व्यापाऱ्यांकडून ०.३ टक्के एमडीआर घेऊ द्यावा अशी मागणी केली, ती याच पार्श्वभूमीवर.

समजा उद्या ते लागू झाले, तर शेतकऱ्याचे काय? इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. एमडीआर हा ‘दुकानदार’ म्हणून नोंद असलेल्या खात्यात पैसे घेताना लागतो. बाजार समितीतला व्यापारी तुमच्या बचत खात्यात कांद्याचे ३० हजार पाठवतो, तेव्हा तुम्ही बँकेच्या लेखी दुकानदार नसता. ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झालेले हस्तांतर असते. मागणी होती ती मोठ्या व्यापाऱ्यांपुरती. त्यामुळे लिलावात विकलेल्या मालाच्या पैशाला त्याची झळ सहसा बसणार नाही. झळ बसलीच तर ती दुकानदार म्हणून क्यूआर घेतलेल्यांना: शहरात थेट भाजी विकणारे गट, मोठी उलाढाल असलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी सेवा केंद्रे. आणि केंद्राला बसलेली झळ औषधाच्या बाटलीच्या किमतीतून शेवटी आपल्यापर्यंत पोहोचते, हेही खरे.

दुकानदाराच्या क्यूआरवर आजही एक खर्च आहेच, तो कोणी मोजत नाही. पैसे आले की बोलणारा तो छोटा स्पीकर. त्याचे भाडे महिन्याला साधारण शंभर-सव्वाशे रुपये असते. आठवडे बाजारात महिन्याला २० हजारांची भाजी विकणाऱ्याला सव्वाशे रुपये म्हणजे ०.६ टक्क्यांच्या वर पडतात. ज्या शुल्काची भीती वाटते, त्याच्या दुप्पट रक्कम आपण आधीच देत आहोत. एकट्याने विकायला बसत असाल आणि फोन हातातच असेल, तर स्पीकरशिवाय चालते. फक्त प्रत्येक वेळी बँकेचा संदेश उघडून पाहण्याची सवय हवी.

बँकेने पाठवलेल्या पैशाचे शुल्क किती?

एनईएफटी, आरटीजीएस आणि आयएमपीएस ही तिन्ही नावे हिशोबपट्टीवर आणि पासबुकात दिसतात. तिन्हींत शुल्क पाठवणाऱ्याला लागते, घेणाऱ्याला नाही. खात्यात पैसे आले म्हणून बँक तुमच्याकडून काही कापू शकत नाही.

एनईएफटी शाखेत जाऊन केली तर रिझर्व्ह बँकेने घातलेली कमाल मर्यादा अशी आहे: १० हजारांपर्यंत अडीच रुपये, १ लाखापर्यंत ५ रुपये, २ लाखांपर्यंत १५ रुपये, त्यापुढे २५ रुपये. वर १८ टक्के जीएसटी, पण तो शुल्कावर, रकमेवर नव्हे. म्हणजे १ लाख रुपये पाठवायला ५ रुपये ९० पैसे. बचत खात्यातून मोबाइल किंवा इंटरनेट बँकिंगने एनईएफटी केली तर जानेवारी २०२० पासून शुल्कच नाही. आरटीजीएस २ लाख व त्याहून मोठ्या रकमेसाठी. शाखेतून ५ लाखांपर्यंत जास्तीत जास्त साडेचोवीस रुपये आणि त्यापुढे साडेएकोणपन्नास, अधिक जीएसटी. आयएमपीएसचे दर बँकेनुसार बदलतात. स्टेट बँकेत ऑनलाइन २५ हजारांपर्यंत काही नाही, १ लाखापर्यंत २ रुपये, २ लाखांपर्यंत ६, ५ लाखांपर्यंत १० रुपये व जीएसटी असा दर आहे.

वेळेचेही पाहा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालते. एनईएफटीचे गट दर अर्ध्या तासाला सुटतात. त्यामुळे ‘आज शनिवार आहे, सोमवारी टाकतो’ किंवा ‘बँक बंद झाली’ हे कारण ऑनलाइन खाते असलेल्या व्यापाऱ्याला देता येत नाही. तो देतो आणि आपण ऐकून घेतो.

यूपीआयची अडचण शुल्काची नसून मर्यादेची आहे. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला साधारणपणे दिवसाला १ लाख रुपयांपर्यंतच पाठवता येतात. काही बँका नव्या फोनवर किंवा नव्या खात्यावर त्याहून कमी ठेवतात. द्राक्षाचा किंवा डाळिंबाचा एक प्लॉट गेला की रक्कम याच्या पुढे जाते. मग व्यापारी ‘आज एक लाख, उद्या एक लाख’ असे तुकडे पाडतो आणि तिसऱ्या दिवशी फोन उचलत नाही. मोठ्या रकमेसाठी माल भरण्याआधीच आरटीजीएस ठरवून घ्यावे. २ लाखांवरच्या रकमेसाठी शाखेतले तीसेक रुपयांचे शुल्क शेतकऱ्याने स्वतःहून देऊ केले, तरी तो तोट्याचा सौदा नाही.

वटाव, उशीर आणि धनादेश

आता मुख्य मुद्दा. अनेक बाजारांत आणि शिवारखरेदीत आजही दोन भाव चालतात. पंधरा दिवसांनी पैसे घेतले तर ठरलेला भाव, आणि लगेच रोख हवे असतील तर त्यातून शेकडा एक-दोन रुपये वटाव. १ लाखाच्या मालावर दोन टक्के वटाव म्हणजे २,००० रुपये. तेच पैसे त्याच दिवशी एनईएफटीने पाठवायला व्यापाऱ्याला ५ रुपये ९० पैसे लागतात. तीनशे पटींहून अधिक फरक. वटाव हे पैसे पाठवण्याचे शुल्क नाही, ते व्यापाऱ्याने आपल्याच पैशावर आपल्याकडून घेतलेले व्याज आहे. बाजार समितीत मंजूर नसलेली कोणतीही कपात शेतकऱ्याच्या पट्टीतून करता येत नाही, आणि वटाव त्यातच मोडतो. म्हणूनच तो पट्टीवर सहसा लिहिला जात नाही. भाव कमी लिहिला जातो किंवा वजनात धरला जातो.

वटाव न देता थांबले तर? थांबण्यालाही किंमत आहे. १ लाख रुपये पंधरा दिवस व्यापाऱ्याकडे राहिले असे धरा. घरी सावकाराचे किंवा दुकानाचे देणे महिना दोन टक्के दराने चालू असेल, तर दिवसाला सुमारे ६७ रुपये, पंधरा दिवसांचे हजार रुपये. बँकेचे १२ टक्क्यांचे कर्ज असेल तर पंधरा दिवसांचे पाचशेच्या आसपास. ज्याच्यावर काहीच कर्ज नाही त्याचे नुकसान कमी, पण असे किती?

पीककर्जाचा हिशोब वेगळा आणि जास्त टोचणारा आहे. मुदतीत परतफेड केली तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राची तीन टक्के सवलत मिळते, शिवाय राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. दोन्ही सवलती मुदतीवर अवलंबून आहेत. अनेकांची मुदत ३१ मार्चला संपते. मार्चमध्ये विकलेल्या हरभऱ्याचे किंवा कांद्याचे पैसे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आले, तर गेलेले व्याज पंधरा दिवसांचे नसते. वर्षभराची सवलत हातची जाते. १ लाखाच्या कर्जावर नुसती केंद्राची सवलत धरली तरी ३,००० रुपये. मार्चमध्ये माल विकताना भावापेक्षा पैसे कोणत्या तारखेला आणि कशाने येणार, हे आधी विचारायला हवे. पाच-दहा रुपये क्विंटलमागे कमी मिळाले तरी त्याच दिवशी खात्यात पैसे टाकणारा व्यापारी अशा वेळी परवडतो. क्विंटलमागे १० रुपये म्हणजे ६० क्विंटलला ६०० रुपये, समोर ३,००० रुपये.

नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर नाशिक जिल्ह्यातल्या कांदा बाजारांत रोखीऐवजी धनादेश सुरू झाले. तेव्हा अनेक शेतकऱ्यांना पैसे हातात यायला आठवडे लागले, काहींचे धनादेश परतही आले. धनादेशावरचा अविश्वास तिथून पक्का झाला आणि त्यात ऑनलाइन हस्तांतरही एकाच पोत्यात भरले गेले. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. धनादेश म्हणजे पैसे देण्याचे वचन, खात्यात आलेली एनईएफटी म्हणजे पैसे. ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश वटवण्याची पद्धत सुधारली आहे. पूर्वीसारखे दोन-दोन दिवस न थांबता त्याच दिवशी निकाल लागावा अशी व्यवस्था आहे. पण खात्यात शिल्लकच नसेल तर निकाल लवकर लागून उपयोग काय? उलट धनादेश परत गेला की तो भरणाऱ्या शेतकऱ्याकडूनही बँक शंभर-दीडशे रुपये व जीएसटी घेते.

धनादेश घ्यावाच लागला तर तारखा लक्षात ठेवाव्यात. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिनेच चालतो. तो न वटल्याचा मेमो बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी समोरच्याला १५ दिवस असतात. तरीही दिले नाहीत तर त्यापुढे एका महिन्यात न्यायालयात तक्रार करायची. ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ असे ऐकत तीस दिवस घालवले की हातातले सर्वांत मोठे शस्त्र जाते. पुढील तारखेचा धनादेश घेताना हेही पाहा की तो व्यापाऱ्याच्याच नावाच्या खात्याचा आहे, त्याच्या भाच्याच्या नाही.

रोखीची बाजू

रोख मागणारा शेतकरी अडाणी असतो, असे मानणे बरोबर नाही. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मजुरी वाटायची तर रोखच लागते. ज्या खात्यावर थकीत कर्ज आहे, तिथे पैसे आले की बँक ते अडकवून ठेवेल ही धास्ती असते आणि ती अनुभवातून आलेली असते. काही जिल्ह्यांत सहकारी बँकेत पैसे जमा होऊनही काढता आले नाहीत, हे लोकांनी पाहिले आहे. यावर उपाय रोख घेणे हाच एक नाही. कर्ज नसलेल्या दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टाच्या बँकेत साधे बचत खाते उघडून व्यापाऱ्याला तो क्रमांक देता येतो. त्याचे पासबुक स्वच्छ राहते आणि पुढे कर्जासाठी उलाढालीचा पुरावाही मिळतो. थकीत कर्ज त्याने फिटत नाही, ते वेगळे बोलून मिटवावे लागते. पण पेरणीच्या तोंडावर हातात पैसे राहतात.

रोखीलाही शुल्क आहे, फक्त ते पावतीवर येत नाही. तालुक्याला जाण्याचा खर्च, रांगेत गेलेला अर्धा दिवस, नोटा मोजण्यातली चूक, खोटी नोट, रस्त्यातली जोखीम. एटीएममधून मोफत व्यवहार संपल्यावर मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत व जीएसटी लागतो. ग्रामीण व निमशहरी भागात आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच आणि दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर पाच व्यवहार मोफत असतात. त्यात शिल्लक पाहणेही धरले जाते, हे अनेकांना माहीत नसते.

आणि एक कायदा इथे सगळ्यांनी लक्षात ठेवावा. एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी तुकड्यांनी, २ लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी हा नियम लागू होतो. दंड घेतलेल्या रकमेइतकाच आणि तो रोख देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला. द्राक्षाच्या प्लॉटचे ४ लाख रोख घेतले तर अडचणीत बागायतदार येतो, व्यापारी नाही. बागा विकताना हे कोणी सांगत नाही.

मजुरांचे पैसे घरी पाठवणे

द्राक्ष, डाळिंब, ऊस या पिकांत बाहेरून आलेले मजूर असतात आणि त्यांना गावी पैसे पाठवायचे असतात. खाते नसले की ते बाजारपेठेतल्या ‘मनी ट्रान्सफर’ लिहिलेल्या दुकानात जातात. तिथला दर साधारण एक टक्का, किमान १० रुपये. एका वेळी ५ हजारांची मर्यादा असल्याने १५ हजारांसाठी तीन व्यवहार व दीडशे रुपये. काही दुकानदार त्यावर स्वतःचे दहा-वीस लावतात. पोस्टाची मनीऑर्डर विश्वासाची, पण शेकडा ५ रुपये कमिशन, म्हणजे २,००० रुपयांना १०० रुपये. घरी वृद्ध आई-वडील एकटे असतील आणि पोस्टमनने दारात नेऊन द्यायचे असतील, तर त्या शंभराला अर्थ आहे. बाकीच्यांसाठी ती फार महाग आहे.

मजुराच्या स्वतःच्या नावाचे शून्य शिल्लक चालणारे जनधन खाते आणि साध्या फोनवरचा यूपीआय एवढ्याने हा खर्च शून्यावर येतो. बटणांच्या फोनवरही *९९# डायल करून यूपीआय चालते. हंगामाच्या सुरुवातीला मुकादमासह सगळ्या टोळीला एकदा बँक मित्राकडे नेले, तर चार महिन्यांत प्रत्येक कुटुंबाचे पाचशे-हजार वाचतात. मुकादमाच्याच खात्यात सगळ्यांचे पैसे टाकणे मालकाला सोयीचे वाटते. पण मग कोणाला किती पोहोचले याचा पुरावा राहत नाही आणि भांडण मालकाच्या दारात येते.

निविष्ठा खरेदीत दोन टक्क्यांची पाटी

कृषी सेवा केंद्रात कार्डाने पैसे दिले की दोन टक्के जादा मागितले जातात. कोणते कार्ड आहे यावर उत्तर अवलंबून आहे. किसान क्रेडिट कार्ड बहुतेक बँका रुपे डेबिट कार्डाच्या रूपात देतात आणि रुपे डेबिटवर एमडीआर शून्य आहे. त्यावर जादा पैसे मागायला दुकानदाराला काहीच आधार नाही. इतर कंपन्यांच्या डेबिट कार्डावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे: वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला ०.४० टक्के, त्याहून मोठ्याला ०.९० टक्के. हे शुल्क दुकानाने सोसायचे आहे, ग्राहकाकडून घ्यायचे नाही. १२ हजारांच्या खरेदीवर दुकानाला फार तर ४८ किंवा १०८ रुपये पडतात, मागितले जातात २४०. क्रेडिट कार्डाचे शुल्क मात्र खरेच दोन टक्क्यांच्या आसपास असू शकते. तिथे यूपीआयने खात्यातून पैसे देणे दोघांनाही सोयीचे.

पण याही ठिकाणी खरी तफावत शुल्कात नाही, उधारीत आहे. खरिपाच्या सुरुवातीला उधार घेतलेल्या औषधाचा आणि बियाण्याचा दर रोखीच्या दरापेक्षा किती जास्त लावला आहे, हे दोन्ही बिले शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. चार महिन्यांच्या उधारीवर दहा टक्के जादा दर लागला असेल, तर ते वर्षाला तीस टक्क्यांचे कर्ज झाले. ज्याच्याकडे किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा शिल्लक आहे त्याने दुकानाची उधारी घेणे म्हणजे घरी विहीर असताना टँकर बोलावणे.

थेट विक्री करणाऱ्यांसाठी

शुल्क खरोखर मोजावे लागते ते इथे. आंबा, काजू, गूळ, तांदूळ, बेदाणे स्वतःच्या संकेतस्थळावरून विकणाऱ्या गटांना पेमेंट गेटवे लागतो. त्याचा नेहमीचा दर सुमारे २ टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के. हजार रुपयांच्या पेटीमागे २३ रुपये ६० पैसे गेले. ग्राहकाने पेटी रद्द केली आणि पैसे परत दिले तरी हे शुल्क बहुतेक गेटवे परत करत नाहीत. माल पोहोचल्यावर पैसे घेण्याच्या पद्धतीत कुरिअर प्रत्येक ऑर्डरला चाळीस-पन्नास रुपये घेतो, आणि ग्राहकाने दार उघडले नाही तर पिकलेला आंबा परत येतो. नाशवंत मालाला ही पद्धत घालवून टाकावी.

गेटवे नकोच असे नाही. पुण्या-मुंबईतला अनोळखी ग्राहक कार्डाने पैसे देऊ शकतो, पावती आपोआप निघते, हिशोब जुळतो. दिवसाला पन्नास ऑर्डर असतील तर हे काम हाताने होत नाही. पण ज्या गटाच्या दिवसाला पाच-सात ऑर्डर आहेत आणि ग्राहक ओळखीचे आहेत, त्यांनी व्हॉट्सअॅपवर ऑर्डर आणि खात्याच्या क्यूआरवर आगाऊ पैसे अशी सुरुवात करावी. सोसायट्यांच्या किंवा दुकानांच्या घाऊक ऑर्डरी गेटवेतून कधीच घेऊ नयेत. ५० हजारांच्या ऑर्डरवर १,१८० रुपये आणि एनईएफटीला ६ रुपये, यात ठरवायचे काही उरत नाही. शुल्क किमतीत आधीच धरावे. शेवटी ‘ऑनलाइन शुल्क’ म्हणून वेगळे लावले की ग्राहक तिथेच खरेदी सोडतो.

पैसे अडकले तर

खात्यातून पैसे गेले आणि समोर पोहोचले नाहीत, तर यूपीआय व आयएमपीएसमध्ये बँकेने पुढच्या दिवसापर्यंत ते परत करायचे असतात. दुकानाला दिलेल्या पैशासाठी ही मुदत पाच दिवसांची. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. एनईएफटी वेळेत जमा केली नाही तर रेपो दर अधिक दोन टक्के व्याज बँकेने स्वतःहून द्यायचे आहे. मागितल्याशिवाय हे क्वचित मिळते. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी व आरटीजीएस करताना खाते क्रमांक टाकला की खातेदाराचे नाव दिसण्याची सोय आली आहे. क्रमांकातला एक आकडा चुकून कांद्याचे पैसे तिसऱ्याच्या खात्यात जाण्याचे प्रकार त्यामुळे टळतात, मात्र नाव वाचायला हवे.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘मी माल घेतो, आगाऊ पाठवतो, फक्त ही विनंती मंजूर करा’ असा फोन आला तर ती फसवणूक आहे. व्यक्तीकडून व्यक्तीला येणाऱ्या अशा मागणी-विनंत्या ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद केल्या आहेत, आता चोर खोटा क्यूआर पाठवतात. पैसे पाठवल्याचा फोटो दाखवून माल भरणाऱ्याला, आपल्या बँकेत शिल्लक पाहिल्याशिवाय गाडी सोडू नये. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा, पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. याच गोठवण्याचा उलटा त्रासही होतो. फसवणुकीचा पैसा फिरत फिरत व्यापाऱ्याच्या खात्यातून शेतकऱ्याकडे आला, तर पोलिसांच्या सूचनेवरून शेतकऱ्याचे खाते अडकू शकते. अशा वेळी हिशोबपट्टी आणि वजनकाट्याची पावती एवढाच पुरावा उपयोगी पडतो. पट्टी फाडून टाकू नका, निदान तिचा फोटो ठेवा.

कृषी सहायक व शेतकरी मित्रांनी गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकाला शेवटच्या तीन हिशोबपट्ट्या आणि पासबुक घेऊन यायला सांगावे. पट्टीवरील तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख शेजारी लिहावी. किती दिवस गेले आणि लिलावात पुकारलेल्या भावात व पट्टीवरच्या भावात किती फरक आहे, हे गावातल्या वीस जणांचे एका कागदावर मांडले की कोणता गाळा किती दिवस लावतो ते दिसते. तो कागद घेऊन बाजार समितीच्या सचिवांकडे जायचे. वीस पट्ट्यांवरच्या तारखा समोर ठेवल्या की ‘एखाद्या वेळी उशीर होतो’ असे उत्तर देणे अवघड जाते.